वॉर्डात पुरावा, परीक्षेत मोघम : आयल्ट्स स्पीकिंगचं एक प्रकरण

नेरूळमध्ये मी इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेते. वर्गाला परिचारिका बऱ्याच येतात, कारण नवी मुंबईत इस्पितळं पुष्कळ आहेत आणि परदेशाची तयारी करणाऱ्या नर्सेसही पुष्कळ. त्यांच्यातल्या एकीचं प्रकरण इथे सविस्तर मांडते आहे. तिची परवानगी घेतलेली आहे. नाव, इस्पितळ आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

ती मूळची सांगली जिल्ह्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे बी.एस्सी. नर्सिंग इंग्रजीतून. राहायला तळोज्याला, नोकरी बेलापूरकडच्या एका खाजगी इस्पितळात, ऑर्थोपेडिक वॉर्डला. ब्रिटनला जायचं ठरलेलं. तिथल्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलची अट अशी, की आयल्ट्स अकॅडमिक या इंग्रजीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत लिसनिंग, रीडिंग आणि स्पीकिंगमध्ये किमान ७ बँड (गुणपातळी) हवेत आणि रायटिंगमध्ये ६.५. हिचा निकाल होता लिसनिंग ७.५, रीडिंग ७, रायटिंग ६.५ आणि स्पीकिंग ६. तीन विभागांत पार झालेली मुलगी एका विभागापायी अडकली होती.

आली तेव्हा स्वतःचं निदान स्वतःच करून आली होती. "मॅडम, माझं ग्रामर कच्चं आहे. तेवढं पक्कं करून द्या." मी तिची मॉक टेस्ट घेतली आणि रेकॉर्ड केली.

स्पीकिंगची परीक्षा साधारण ११ ते १४ मिनिटांची असते आणि तिचे तीन भाग पडतात. पहिल्यात घर, काम, आवडीनिवडी असे ओळखीचे प्रश्न. दुसऱ्यात हातात एक कार्ड मिळतं, विचार करायला एक मिनिट मिळतं आणि मग एक ते दोन मिनिटं सलग बोलायचं. तिसऱ्यात चार-पाच मिनिटं चर्चा. इथे प्रश्न तुमच्याबद्दल राहत नाहीत, समाजाबद्दल होतात, आणि परीक्षक तुमचं मत विचारतो, मग त्या मतामागचं कारण विचारतो.

रेकॉर्डिंग ऐकल्यावर चित्र स्पष्ट झालं. पहिला भाग सुरळीत होता. दुसऱ्या भागात आपल्या नर्सिंग कॉलेजातल्या एका शिक्षिकेबद्दल ती छान बोलली, भूतकाळाची रूपंही बहुतेक बरोबर होती. तिसऱ्या भागात मात्र तिचं इंग्रजी एकदम आक्रसलं. तो तुकडा जसाच्या तसा देते.

मी : "हू शुड टेक केअर ऑफ ओल्ड पीपल, द फॅमिली ऑर द गव्हर्न्मेंट?"

ती : "आय थिंक फॅमिली शुड टेक केअर, बिकॉज फॅमिली इज व्हेरी इम्पॉर्टंट. इन इंडिया फॅमिली इज एव्हरीथिंग. सो फॅमिली शुड टेक केअर."

मी : "व्हाय डू यू थिंक सो?"

ती : "बिकॉज... एव्हरीबडी नोज दॅट. नाइन्टी पर्सेंट पीपल इन इंडिया लिव्ह विथ देअर फॅमिली."

मी : "इज दॅट चेंजिंग इन बिग सिटीज?"

ती : "येस, इट इज चेंजिंग... नो, बट... नाइन्टी पर्सेंट..."

आणि पुढे शांतता.

व्याकरणाची चूक शोधायला गेलं तर या तुकड्यात फारसं काही सापडत नाही. वाक्यं बरोबर आहेत, उच्चार स्वच्छ आहेत. पण 'बिकॉज'नंतर जे आलं ते कारण नव्हतं, आधीचंच मत वेगळ्या शब्दांत पुन्हा आलं होतं. कुटुंबानं सांभाळावं, कारण कुटुंब महत्त्वाचं, म्हणून कुटुंबानं सांभाळावं. तीन वाक्यांत ती जिथून निघाली तिथेच परत आली. 'व्हाय' विचारल्यावर पुढे जायला वाटच उरली नाही, म्हणून तिनं एक टक्केवारी हवेतून काढली. आणि त्या टक्केवारीवर साधा पुढचा प्रश्न आला तेव्हा तिच्याच आकड्यानं तिला अडवलं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण बहुतेक विद्यार्थी इथेच गोंधळतात. आयल्ट्सचा परीक्षक तुमचं मत बरोबर की चूक हे ठरवत नाही. सांगितलेली माहिती खरी आहे का, हे तपासणं त्याचं काम नाही. गुण चार गोष्टींना मिळतात आणि चारींना वजन सारखं : बोलण्याचा ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरणाचा आवाका व अचूकपणा, आणि उच्चार. मग मताला पुरावा कशासाठी द्यायचा? तर या चारांपैकी पहिले तीन गुण कमवायला लागणारी भाषा पुराव्यातूनच येते. नुसतं मत साध्या वर्तमानकाळात संपतं, आणि 'गुड', 'इम्पॉर्टंट', 'युजफुल' एवढ्या शब्दांत भागतं. पुरावा द्यायला घेतला की काय घडलं ते सांगावं लागतं, म्हणजे भूतकाळ आला. पूर्वी कसं होतं आणि आता कसं आहे हे सांगताना 'यूज्ड टू' आणि 'हॅज बिकम' येतात. 'तसं झालं नसतं तर' म्हणायची वेळ आली की 'इफ'ची अवघड वाक्यरचना आपसूक येते. आणि शब्द त्या प्रसंगाचे, नेमके असतात. व्याकरणाचा आवाका दाखवायचा म्हणून कुणी ठरवून अवघड वाक्य बोलू लागलं की ते लगेच कळतं. सांगायला काहीतरी असलं की तीच वाक्यं सहज येतात.

तर मी तिला म्हटलं, "आता हाच प्रश्न मी मराठीत विचारते. म्हाताऱ्या माणसांना कुणी सांभाळावं?"

ती लगेच बोलायला लागली. "मॅडम, खरं सांगू का, आमच्या वॉर्डला एक आजोबा होते, खुब्याचं फ्रॅक्चर. फिटनेस मिळेना म्हणून ऑपरेशन लांबलं, मुक्काम वाढला. मुलगा पुण्याला, रविवारचा यायचा. बाकी दिवस पगारी मावशी. ती मावशी इतकी चांगली, दर दोन तासांनी कूस बदलायची. एवढे दिवस झोपून होते, पण बेडसोअर नाही झाला. घरचे असते ना, तर त्यांना जमलं नसतं. नातेवाईक घाबरतात हलवायला. पण जेवायचे नाहीत ते. मावशीनं भरवलं की तोंड फिरवायचे. रविवारी मुलगा आला की अख्खी पोळी खायचे."

मी विचारलं, "मग घरच्यांनी सांभाळावं की बाहेरच्यांनी?"

ती जरा थांबली. मग म्हणाली, "दोन्ही लागतं, मॅडम."

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण तो हाच. इंग्रजीत ती 'फॅमिली इज एव्हरीथिंग' म्हणाली होती, आणि ते तिचं मत नव्हतंच. इंग्रजीत बोलताना असंच काहीतरी बोलायचं असतं, अशी तिची समजूत होती. खरं मत तिच्या अनुभवात होतं, ते जास्त बारकाव्याचं होतं, आणि पुरावा सांगता सांगता ते तिचं तिलाच सापडलं. मत आधी ठरवायचं आणि मग त्याला टेकू म्हणून उदाहरण शोधायचं, असं शिकवलं जातं. तिच्याबाबतीत उदाहरणच आधी आलं आणि त्यानं मत दुरुस्त केलं. अशा उत्तरात 'ऑल्दो', 'बट ॲट द सेम टाइम' हे शब्द पाठ करून आणावे लागत नाहीत, कारण विचारालाच दोन बाजू असतात.

मी तिला विचारलं की आजोबांची गोष्ट इंग्रजीत का आली नाही. तिचं उत्तर मी वहीत लिहून ठेवलं आहे. "ते काय एव्हिडन्स आहे का मॅडम? ते तर आमच्या वॉर्डचं आहे." तिला वाटत होतं की पुरावा म्हणजे अहवाल, सरकारी आकडे, टक्केवारी. आपण डोळ्यांनी पाहिलेलं परीक्षकासमोर सांगणं तिला हलकं वाटत होतं.

हे ऐकून मला फार वाईट वाटलं, आणि थोडं नवलही. कारण पुराव्याशिवाय बोलायचं नाही ही शिस्त तिच्या पेशात रोजची आहे. ड्यूटी संपताना नर्स पुढच्या नर्सला ओव्हर देते तेव्हा 'अमुक बेडचा पेशंट बरा वाटत नाही' एवढं म्हणून चालतं का? समोरची लगेच विचारते, कशावरून? मग बीपी ९०/६०, पल्स ११८, गेल्या दोन तासांत युरिन आउटपुट अमुक इतकं, आणि ड्रेसिंग दोनदा भिजलं, असं सांगावं लागतं. डॉक्टरांना फोन करताना अनेक इस्पितळांत एसबीएआर नावाची पद्धत शिकवतात : आधी आत्ताची परिस्थिती, मग पार्श्वभूमी, मग आपलं मूल्यमापन आणि शेवटी काय करावं याची सूचना. यात मूल्यमापन म्हणजे मतच की. पण त्या मताच्या आधी निरीक्षण यावंच लागतं, नाहीतर डॉक्टर फोन ठेवून देतील. ही मुलगी ते काम रोज, पाळी कुठलीही असो, करत होती, आणि तेही अर्धं इंग्रजीत.

तेव्हा मी तिला वेगळं तंत्र शिकवलंच नाही. तिच्या प्रत्येक मतावर एकच प्रश्न विचारायचा असं ठरवलं : "कशावरून?" तिनं उत्तर द्यायचं ते वॉर्डात देते तसं. काय पाहिलंस, कुठे, कधी, आणि त्यावरून काय म्हणतेस.

गाडी लगेच रुळावर आली असं मात्र नाही. पुढच्या काही दिवसांत ती उलट्या टोकाला गेली. वर्तमानपत्रं वाचून तिनं माहितीची वही केली. सार्वजनिक वाहतुकीवर विचारलं तर उत्तर असं : नवी मुंबई मेट्रोचा पहिला मार्ग, बेलापूर ते पेंधर, सुमारे ११ किलोमीटर, ११ स्थानकं, काम २०११ला सुरू, गाड्या धावल्या १७ नोव्हेंबर २०२३पासून. निसर्ग जपावा का, असं विचारलं तर ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य, घोषणा २०१५, रामसर या आंतरराष्ट्रीय पाणथळ यादीत समावेश २०२२. सगळी माहिती बरोबर. पण प्रश्न होता की तुमच्या शहरातली वाहतूक सुधारली आहे का, आणि उत्तर स्पर्धा परीक्षेच्या तोंडी फेरीसारखं येत होतं. माहिती संपली की ती गप्प बसायची आणि माझ्याकडे पाहायची. माहिती आणि मत यांच्यामधला दुवा गायब होता. ११ स्थानकं आहेत, बरं, मग? त्यावरून वाहतूक सुधारली हे कसं ठरतं?

मेट्रोबद्दल तिच्याकडे सांगण्यासारखं होतं, आणि ते वहीत नव्हतं. मेट्रो नव्हती तेव्हा ती तळोज्याहून शेअर रिक्षानं खारघर स्टेशन गाठायची आणि तिथून लोकल पकडून बेलापूरला यायची. पावसात रिक्षावाले यायला तयार नसायचे, सकाळची ड्यूटी असली की पोटात गोळा यायचा. आता घराजवळून बसलं की थेट बेलापूर. पण संध्याकाळच्या पाळीला ओव्हर द्यायला उशीर झाला, काही इमर्जन्सी आली, तर मेट्रोची वेळ टळून जाते आणि पुन्हा रिक्षाच शोधावी लागते. यात मत आपोआप तयार आहे : सुधारली आहे, पण वेळेत सुटणाऱ्यांसाठी जास्त. वहीतली माहितीही इथे कामाला आली. काम २०११ला सुरू होऊन २०२३ला पहिली गाडी धावली हे तिनं 'मोठ्या प्रकल्पांना उशीर झाला की लोकांवर काय परिणाम होतो' या प्रश्नात वापरलं. मधल्या काळात तळोज्यात घर घेतलेल्या शेजाऱ्यांनी किती वर्षं रिक्षावर काढली, हे सांगताना तो आकडा नेमका जागेवर बसला. आकड्याशी माझं वाकडं नाही. आकडा ज्या माणसाच्या आयुष्यात काही बदल करतो तो माणूस उत्तरात दिसला पाहिजे, एवढंच.

फ्लेमिंगोंचंही तसंच. नेरूळला टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या पाणथळीवर हिवाळ्यात रविवारी सकाळी कॅमेरे घेऊन आलेली गर्दी तिनं पाहिलेली होती. आपल्या मैत्रिणीचा लहान मुलगा तिथे पक्षी मोजत बसतो हे ती सांगू लागली तेव्हा रामसरचा उल्लेख एका वाक्यात पुरला. शहरातल्या मुलाला निसर्ग दिसायला लांब जावं लागू नये, हे तिचं म्हणणं ठळक झालं.

दुसरं काम होतं मताचा आकार पुराव्याएवढा करण्याचं. 'एव्हरीबडी', 'ऑल यंग पीपल', 'नोबडी केअर्स' हे शब्द तिच्या तोंडी सारखे यायचे. एका वॉर्डचा अनुभव सांगून 'ऑल इंडियन फॅमिलीज' म्हटलं की ऐकणाऱ्याला तिथेच खटकतं. आम्ही प्रत्येक वाक्यातला हा शब्द पकडायचो आणि बदलायचो : 'मेनी ऑफ द फॅमिलीज आय मीट', 'पीपल ऑफ माय पेरेंट्स एज टेंड टू', 'ॲट लीस्ट इन अ सिटी लाइक माइन'. हे शब्द भित्रेपणाचे नाहीत. जेवढं माहीत आहे तेवढंच ठामपणे म्हणण्याचे आहेत, आणि परीक्षकाला त्यातून भाषेवरची पकडही दिसते. बनावट टक्केवारी तिनं पूर्ण सोडली. खोट्या आकड्याला गुण कापले जातात म्हणून नव्हे. बनवलेल्या गोष्टीबद्दल कुणी पुढचा प्रश्न विचारला तर सांगायला काहीच नसतं, आणि तिसरा भाग तर सगळा पुढच्या प्रश्नांचाच असतो. खऱ्या आजोबांबद्दल दहा प्रश्न विचारले तरी ती अडली नसती.

रुग्णांबद्दल बोलण्यावर मात्र आम्ही पहिल्याच दिवशी मर्यादा घालून घेतली. नाव नाही, बेड नंबर नाही, इस्पितळ नाही, ओळख पटेल असा आजाराचा तपशील नाही. 'ॲन एल्डर्ली मॅन विथ अ हिप फ्रॅक्चर' एवढंच. ज्या देशात ती नर्स म्हणून जाऊ पाहते आहे तिथे रुग्णाची गोपनीयता हा नोंदणीच्या नियमांचा भाग आहे, आणि इथेही ती पाळायचीच असते.

सरावाला वेगळा वेळ तिच्याकडे नव्हता. नाइट ड्यूटी, मग झोप, मग घरचं. म्हणून मेट्रोतून घरी जाताना ती मला एका प्रश्नाचं उत्तर व्हॉइस मेसेजवर पाठवायची, अर्ध्या मिनिटाच्या आसपास. मी ऐकून फक्त 'कशावरून?' किंवा 'मग?' एवढंच परत पाठवायचे. पहिला प्रश्न पुरावा मागायचा, दुसरा दुवा. काही दिवसांनी तिची उत्तरं अशी येऊ लागली, की दोन्ही विचारायची गरज पडेना. म्हाताऱ्या माणसांच्या त्याच प्रश्नाचं नंतरचं उत्तर असं होतं :

"आय यूज्ड टू बिलीव्ह दॅट ओन्ली द फॅमिली कुड डू धिस, बट वर्किंग इन ॲन ऑर्थोपेडिक वॉर्ड हॅज चेंज्ड माय माइंड अ लिटल. वी हॅड ॲन एल्डर्ली मॅन विथ अ हिप फ्रॅक्चर. अ पेड अटेंडंट टर्न्ड हिम एव्हरी टू अवर्स, अँड ही नेव्हर डेव्हलप्ड अ बेडसोअर. हिज सन वुड हॅव बीन टू स्केअर्ड टू मूव्ह हिम. बट ही हार्डली एट एनिथिंग अनटिल द सन केम ऑन संडेज. सो आय वुड से ट्रेन्ड पीपल कॅन लुक आफ्टर द बॉडी, बट समबडी फ्रॉम द फॅमिली हॅज टू बी देअर ॲज वेल."

पहिल्या उत्तराशेजारी हे ठेवून पाहा. काळ किती बदलले, 'वुड हॅव बीन' कसं सहज आलं, 'बेडसोअर', 'अटेंडंट', 'टर्न्ड हिम' हे नेमके शब्द कुठून आले. यातलं काहीच मी तिला पाठ करायला दिलं नव्हतं.

एका जातीच्या प्रश्नांवर शेवटपर्यंत मेहनत करावी लागली. 'पन्नास वर्षांनी इस्पितळं कशी असतील?' यात पाहिलेलं काय सांगणार? ती 'रोबोट्स विल डू एव्हरीथिंग' म्हणून मोकळी व्हायची. मी तिला म्हटलं, पुढचं कुणालाच दिसलेलं नाही, पण बदल कुठल्या दिशेनं चाललाय ते तू रोज पाहतेस. मग तिनं सांगितलं, की ती नोकरीला लागली तेव्हा चार्ट कागदावर भरायचे, आता बेडशेजारी टॅबवर भरतात. पण आजही पेशंट घाबरला की टॅब बाजूला ठेवून त्याचा हात धरावाच लागतो. त्यावरून तिनं म्हटलं, की नोंदी ठेवायचं काम बहुधा यंत्रं घेतील, पण हात धरायला माणूस लागेल. 'आर लाइकली टू', 'आय डाउट व्हेदर' ही रूपं इथे लागली आणि बसली.

परीक्षा तिनं पावसाळा संपल्यावर पुन्हा दिली. स्पीकिंग ७ आले, बाकीचे तिन्ही विभागही अटीत बसले. याचं सगळं श्रेय पुराव्याच्या सरावाला देता येणार नाही. दुसऱ्यांदा बसताना परीक्षेची भीती कमी झाली होती, आणि रोज बोलून ओघही वाढला होता. पण तिसऱ्या भागात पूर्वी तीन वाक्यांत थांबणारी मुलगी आता मीच थांबवेपर्यंत बोलत होती, हे मॉक टेस्टच्या रेकॉर्डिंगमध्ये मी स्वतः ऐकलं आहे. परीक्षकानं मध्येच थांबवलं तर घाबरायचं नसतं, हेही तिला सांगावं लागलं. वेळ मोजका असतो आणि त्याला पुढचे प्रश्न विचारायचे असतात.

सध्या ती कौन्सिलच्या संगणकावरच्या परीक्षेची तयारी करते आहे. त्यानंतर ओस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा ब्रिटनला जाऊन द्यावी लागेल. त्यात रुग्णाचं मूल्यमापन करून निरीक्षणं आणि त्यांवरचा निष्कर्ष मांडावा लागतो. त्यासाठी रविवारचा एक तास तिनं माझ्याकडे मागून घेतला आहे. वॉर्डच्या ओव्हरची वाक्यं ती इंग्रजीत लिहून आणते, आणि आम्ही ती मोठ्यानं म्हणून पाहतो.